आजारी मशीनला टिळा

फोटोतली ती रेघ सगळ्यात आधी उखाने पाहिली, हे सरलाबाई पुढे कितीतरी दिवस नवऱ्याचं कौतुक म्हणून सांगत असे. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत धर्मेंद्रचा कॉम्प्युटर होता. पडद्यावर एक मुलगी मोरपंखी साडी नेसून उभी होती आणि तिच्या केसांपासून थेट पायांच्या बोटांपर्यंत, गालावरून, पदरावरून, निऱ्यांवरून एक बारीक सरळ रेघ उतरली होती. धर्मेंद्र साडीचा रंग बघत होता. त्याचा बाप चहाची बशी घेऊन मागे उभा राहिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "धर्मा, ताणा तुटेल शे."

धर्मेंद्र हसला. मग बापाला ओठ दिसावेत म्हणून खुर्ची फिरवून म्हणाला, "आबा, फोटोमा कसाना ताणा?"

हसायला काय जातं! पण उखाचं अगदीच चुकलं नव्हतं. लूमवर ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला आणि कारागिराचं लक्ष नसलं, की कापडात वरपासून खालपर्यंत अशीच रेघ पडते. ती वेळेवर धरायची आणि धागा जोडायचा, यात उखाचा जन्म गेला होता. शिंदखेड्याकडचं गाव सोडून तो सुरतेला आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. नवागाम, गोडादरा, पुन्हा नवागाम असे कारखान्यांमागून कारखाने झाले, आणि कारखान्यांनी पगाराबरोबर त्याचे कान कापून घेतले. डावा पार गेला. उजव्याशी कोणी ओरडलं तर आत काहीतरी हलल्यासारखं वाटे, एवढंच. बाकी सगळा कारभार समोरच्याच्या ओठांवर चालायचा.

त्यात त्याला नवं काही नव्हतं. लूमच्या खडखडाटात कानाने कोणीच ऐकत नाही, सगळे ओठ आणि हात वाचतात. दोन बोटं ओठांशी नेली की बिडी, मनगटावर बोट ठेवलं की पाळी सुटायला किती वेळ, पाची बोटं तोंडाशी नेली की जेवण. आणि कानाशी पंजा दोनदा हलवला की 'ऐकू येत नाही, मग सांग'. कारखाना सुटला तरी उखाचा पंजा सुटला नाही. घरात कोणी काही बोललं की तो आपोआप कानाशी जाऊन हलायचा. सरलाबाई वैतागून म्हणायची, "घरमा कोनतं लूम चाली ऱ्हायनं तुमनं?"

उखाने आयुष्यात देवाजवळ एकच गोष्ट मागितली होती. पोराने लूमवर उभं राहायचं नाही. धर्मा लहानपणी डबा घेऊन यायचा तेव्हा उखा त्याला कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. हातातला डबा बाहेरच घ्यायचा आणि त्याला हाकलायचा. पोरगा रडला तरी त्याने ऐकलं नाही, आणि हे मात्र कान गेले म्हणून नव्हे. पुढे धर्मा एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे दिवे धरायला लागला, मग हळूहळू कॅमेरा त्याच्या हातात आला, मग स्वतःचा झाला. आता तो कापड मार्केटातल्या बन्सीलाल शेठच्या साड्यांचे फोटो काढायचा. ते फोटो बघून कुठल्या कुठल्या गावचे व्यापारी माल मागवत. गल्लीत कोणी विचारलं, की उखा छाती फुगवून सांगायचा, "मना पोऱ्या मशीनवर नही, फोटो काढस." आपला आवाज किती मोठा निघतो हे त्याला कळत नसे, त्यामुळे न विचारणाऱ्यांनाही ते कळायचं.

रेघेचं मात्र पुढे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. धर्माने आधी लेन्स पुसली, मग बदलली, मग कार्ड बदललं. रेघ जागची हलेना. त्याने तिला कॉम्प्युटरवर एकेका फोटोतून खोडायचं काम सुरू केलं. डोळे लाल होईस्तो बसायचा. काही फोटो तसेच गेले असावेत, कारण एक दिवस बन्सीलाल शेठने फोन उचलून झापलं. कुठल्याशा व्यापाऱ्याने साडीतच डाग आहे म्हणून माल परत पाठवला होता. "हमारे कपडे में लाइन नहीं है, तेरे कैमरे में है," शेठ म्हणाला, आणि ते खरंच होतं.

शोध घेता घेता धर्माला कळलं, की त्या कॅमेऱ्याच्या एका खेपेतला सेन्सरच मुळात सदोष निघाला होता. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला तो चकचकीत तुकडा, ज्याच्यावर फोटो उमटतो. देशोदेशीच्या लोकांच्या फोटोंत अशाच रेघा आल्या होत्या आणि बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने कबूल केलं होतं, की त्या खेपेतल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर फुकट बदलून देऊ. धर्माचा कॅमेरा त्याच खेपेतला होता. त्या दिवशी घरात शिरा झाला.

पण शिरा जरा लवकर झाला. सुरतेतल्या सर्व्हिस सेंटरचं काम काय, तर कॅमेरा घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. तो गेला, बसला, परत आला. सोबत निरोप, की दोष आढळला नाही. जणू धर्माला रोज रात्री रेघांची स्वप्नं पडत होती! घरी आणून काढलेले पहिले काही फोटो निर्मळ निघाले, तेव्हा धर्मालाही वाटलं की सुटलो. मग रेघ परत आली, आणि एकटी नाही आली, भावकीला घेऊन आली. आता फोटोच्या उजव्या बाजूला जांभळट पट्टाच दिसायला लागला. तो खोडून निघण्यातला नव्हता.

धर्माने फोन लावले. फोनवर आधी गाणं वाजायचं, मग कोणीतरी गोड आवाजात त्याचं नाव, गाव, कॅमेऱ्याचा नंबर पुन्हा विचारायचं, आणि पुन्हा गाणं. तो फोन कानाला लावून खोलीभर फिरायचा आणि उखा खाटेवर बसून त्याचे ओठ बघायचा. त्या ओठांवर 'प्लीज' इतक्या वेळा आलं, की उखाला तो शब्द पाठ झाला. आपला पोरगा कोणापुढे तरी हात जोडतोय आणि तो माणूस दिसतसुद्धा नाही, याचा त्याला फार राग यायचा. कारखान्याचा मास्टर निदान समोर उभा राहून शिव्या द्यायचा.

शेवटी कंपनीच्या कोणा वरच्या साहेबाला पाझर फुटला. पुन्हा पाठवा, या वेळी सेन्सर नक्की बदलू, असा निरोप आला. लेन्स काढून, नुसती बॉडी पाठवायची होती. तोंडाशी झाकण लावून. दिवाळीनंतर बन्सीलाल शेठचं लग्नसराईचं मोठं काम निघणार होतं, आणि शेठने स्पष्ट सांगितलं होतं, की कॅमेरा ठीक असेल तर ये, नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे. धर्माला नवा कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. हा एक कॅमेरा दुरुस्त होऊन आला तर सगळं होतं.

दसरा तोंडावर आला होता. सरलाबाई म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी पूजा करून पाठवा, त्या दिवसासारखा दिवस नाही. धर्माने मान हलवली. त्याचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण कंपनीवर तर त्याहून नव्हता.

दसऱ्याला सकाळी पाटावर लाल कापड अंथरलं. उखाची जुनी कातर, सरलाबाईच्या शिलाई मशीनचं चाक, विळी, आणि मधोमध कॅमेरा, लेन्स काढलेला, तोंडाशी काळं झाकण लावलेला. सरलाबाईने झेंडूची फुलं वाहिली, झाकणावर हळदीकुंकू लावलं, आणि नैवेद्याचं बघायला आत गेली. धर्मा आपट्याची पानं आणायला कोपऱ्यावर गेला होता. खोलीत उखा एकटा राहिला.

त्याला ते झाकणावरचं कुंकू काही पटेना. कारखान्यात दसऱ्याला मशीन बंद ठेवून पुसायचे, सांगाड्याला टिळा लावायचे, हार घालायचे. पण वर्षभर ज्या लूमने सतावलं असेल त्याचा टिळा बाहेर लावत नसत. ज्या वाटेने आडवा धागा घेऊन धोटा पळतो त्या आतल्या जागी, बोट घालून लावायचा. सांगाड्यावरचा टिळा मालकाला दिसण्यासाठी आणि आतला मशीनला कळण्यासाठी, असं जुने कारागीर म्हणायचे. उखाने जन्मभर तसाच लावला होता आणि त्याच्या मते लुमं ऐकायची. मग हा एवढासा कॅमेरा. आजारी आहे आतून आणि टिळा लावलाय टोपीला!

झाकण कसं फिरवतात ते त्याने पोराला करताना पाहिलं होतं. त्याने ते फिरवलं. आत लगेच ती चौकोनी काच दिसली, निळसर, हिरवट, उखाचा चेहरा त्यात दिसावा इतकी स्वच्छ. हाच तो तुकडा, त्याने ओळखलं. त्याने अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात टेकवली आणि काचेच्या मधोमध हलकेच टिळा लावला. सुनेच्या कपाळाला लावावा इतक्या हलक्या हाताने. दोन दाणे तांदळाचे टाकावेत असंही मनात आलं, पण ते आत खुळखुळतील म्हणून राहू दिलं. एवढी अक्कल त्याला होती.

"बरं व्हई जाय रे बा," तो कॅमेऱ्याला म्हणाला, आणि झाकण परत फिरवून घट्ट बसवलं.

धर्मा आला, पाया पडला, वरचं कुंकू फडक्याने पुसून कॅमेरा खोक्यात घातला आणि देऊन आला. झाकण उघडून बघायचं त्याला काही कारणच नव्हतं.

पुढचे दिवस उखाचे फार आनंदात गेले. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, की कॅमेरा गेलाय, आता नवा होऊन येतोय. घरात सगळे फोनकडे डोळे लावून बसले होते, हाच एकटा निवांत. धर्मा जेवताना मध्येच थांबायचा, तेव्हा उखा त्याच्या पाठीवर थाप मारायचा. आपण काय केलंय ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, गुण जातो.

दिवाळी झाली आणि सेंटरवरून बोलावणं आलं. धर्मा निघाला तसा उखाही धुतलेली टोपी घालून निघाला. "तुम्हीन कसाले येतस?" धर्मा म्हणाला. उखाने पंजा कानाशी हलवला. ऐकू येत नसल्याचा असाही उपयोग असतो.

सेंटर रिंग रोडजवळच्या एका इमारतीत होतं, आत गार हवा आणि भिंतींवर हिमालयाचे मोठे मोठे फोटो. काउंटरमागच्या माणसाने खोकं पुढे ठेवलं. धर्माच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. माणूस हसत नव्हता. त्याने कॅमेरा काढला, दिवा ओढून जवळ घेतला, झाकण फिरवून बाजूला ठेवलं आणि कॅमेऱ्याचं तोंड दोघांकडे केलं.

टिळा होता तिथेच होता. वाळून जरा भेगाळला होता, कडेने लालसर पाणी ओघळून काचेच्या खाचेत शिरलं होतं, पण होता तसाच गोल होता. उखाने तो ओळखला. पोटच्या पोरासारखा ओळखला.

"आ तो कंकु छे," माणूस म्हणाला. हे उखाने ओठांवर वाचलं. "आ कोणे कर्युं?" तेही वाचलं.

पुढचं भराभर झालं, त्यातलं थोडंच त्याला पकडता आलं. लाल पाणी आत गेलंय. काचेवर चरे आहेत. आत बाहेरची वस्तू सापडली, की फुकटचं काम बाद, कंपनीचा नियम. धर्मा म्हणत होता, रेघ तर आधीपासून होती, तुम्हीच कबूल केलं होतं, कुंकवाने रेघ पडत नाही. माणूस मान हलवत होता. खरं असेल, तो म्हणत होता, पण आता नाही. पैसे देऊन करायचं तर सेन्सर येणार नाही, तो कॅमेरा बनवणं बंद झालंय, उरलेले सुटे भाग फक्त फुकटच्या कामाला ठेवलेत. कंपनी वर्षभर अंग काढून घ्यायला निमित्त शोधत होती आणि ते उखाने कुंकवात बुडवून तिच्या हातात दिलं.

माणसाने पुन्हा विचारलं, कोणी केलं हे?

धर्मा वळला आणि त्याने बापाकडे पाहिलं. फार वेळ नाही. उखाला वाटलं, आता हा ओरडेल, आणि त्याला तसं व्हावं असंही वाटलं. धर्माने तोंड परत काउंटरकडे केलं, आपला पंजा आपल्या छातीवर ठेवला आणि काहीतरी बोलला. त्याचा चेहरा वळलेला होता, ओठ दिसत नव्हते. पण छातीवरचा हात दिसला. असा हात ठेवून माणूस एकच गोष्ट सांगतो.

काउंटरवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कॅमेऱ्यात कुंकू घालणारा गाढव आज बघायला मिळाला. ती नजर पोराने झेलली आणि बाप बाजूला धुतलेली टोपी घालून उभा राहिला. उखाला त्या वेळी जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

दोघं घरी आले. सरलाबाई दारातच उभी होती. धर्माने तिला सांगितलं, कंपनीने नाही म्हटलं. कुंकवाचं नाव त्याने काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सरलाबाईने कंपनीला, कंपनीच्या साहेबांना आणि त्यांच्या सात पिढ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. "देवनी पूजा करीसन धाडं व्हतं," ती रडत म्हणाली, "तरी दया नही उनी त्यासले." मग तिने तो कॅमेरा उचलून देवांच्या फळीवर, कानबाईच्या नारळाशेजारी ठेवला. उखाला त्या दिवसापासून देवापुढे उभं राहवेना. हात जोडले की समोर कॅमेरा यायचा.

बन्सीलाल शेठने दुसरा पोरगा घेतला. धर्माने भाड्याच्या कॅमेऱ्यावर एक-दोन लग्नं करून पाहिली, पण ज्याचा स्वतःचा कॅमेरा नाही त्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. मग एका सकाळी तो लवकर उठला, जुना शर्ट घातला आणि आईला डबा मागितला. कुठे निघालास म्हणून उखाने विचारलं, "कथा?" धर्माने सरळ त्याच्याकडे बघून, ओठ नीट हलवून, सांगितलं. नवागामचा कारखाना. उखाच्या जुन्या मास्टरचाच. बारा तासांची पाळी.

उखा दारात आडवा उभा राहिला. हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं, इतका तो मऊ माणूस होता. पण तो दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला आणि म्हणाला, "नही. तठे नही." धर्माने त्याचा एक हात चौकटीवरून सोडवला, मग दुसरा. रागाने नाही. लहान मुलाची बोटं सोडवतात तसा. मग चप्पल घालून निघून गेला, आणि ज्या उंबऱ्याच्या आत बापाने त्याला कधी येऊ दिलं नव्हतं तो ओलांडून आत गेला.

दिवस जायला लागले. उखाला दिवसभर एकच कळायचं, की या क्षणी तो खडखडाट आपल्या पोराच्या कानांत शिरतोय. त्याचे स्वतःचे कान गेले तेव्हा त्याला इतकं दुखलं नव्हतं. त्याला बोलायचं होतं. पोराला सगळं माहीत होतं, हे त्याला माहीत होतं, पण एकदा तोंडाने बोलल्याशिवाय जीव जाणार नाही, असं त्याला झालं होतं. वाक्यं त्याने मनात जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली.

एका संध्याकाळी तो ओट्यावर वाट बघत बसला. पाळी सुटून पोरं गल्लीत शिरली, त्यात धर्मा होता. केसांत, भुवयांत धाग्याचा पांढरा भुगा. तीस वर्षांपूर्वी आरशात पाहिलेला चेहरा चालत येतोय, असं उखाला वाटलं. तो उठून उभा राहिला आणि धर्माचा हात धरला.

"धर्मा," तो म्हणाला, "तो टिळा मी लाई दिधा व्हता. मशीन बरं व्हई जाई, असं वाटनं माले. तुनं वाटोळं मी करं, बेटा. माले माफ कर."

इतकं तो जन्मात एका दमात बोलला नव्हता. आपला आवाज किती निघाला, निघाला की नाही, त्याला कळलं नाही. तो पोराच्या ओठांकडे बघत राहिला.

धर्माचे ओठ हलले नाहीत. तो थकलेल्या डोळ्यांनी बापाकडे बघत होता, कपाळाला आठी घालून, कानांत अजून लूम चालू असावं आणि त्यातून दूरचं काही ऐकायचं असावं तसा. मग त्याचा उजवा पंजा वर आला, कानाशी गेला आणि दोनदा हलला.

ती खूण त्याने घरात जन्मभर पाहिली होती, पण त्याच्या पंजाला ती कारखान्यानेच लावली होती.

उखाने धरलेला हात सोडला. मग पाची बोटं जुळवून स्वतःच्या तोंडाशी नेली आणि आतल्या खोलीकडे दाखवलं. धर्माला ते लगेच कळलं. तो मान हलवून जेवायला आत गेला.